गिऱ्हाईक गोधडी उलटी करून बघतं

हातातलं काम चालू ठेवलंत तरी चालेल, कान तेवढा इकडे द्या. आम्ही पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बचत गटांच्या बाया. रोह्याकडच्या गावांत आमच्या गोधड्या शिवल्या जातात आणि पेणला एका लहानशा गाळ्यात विकल्या जातात. गाळ्यावर आम्ही पाळीपाळीनं बसतो. गोधडी कशी शिवायची हे सांगायला आज आलेलो नाही, ते तुम्हाला आमच्याइतकंच येतं. आज बोलायचंय ते गिऱ्हाइकाबद्दल. गोधडीच्या दुकानात पाय ठेवणाऱ्या माणसाला नक्की काय हवं असतं?

गाळा घेतला तेव्हा आमचं उत्तर तयार होतं. रंग भडक हवा आणि भाव कमी हवा. म्हणून लाल-पिवळ्या गोधड्या दारात टांगल्या आणि भाव इतका कमी ठेवला की पुढे सांगायलाही लाज वाटावी. पण गाळ्यावर बसून बसून एक गोष्ट लक्षात आली. गिऱ्हाईक रंग बघून आत येतं खरं, पण गोधडी हातात घेतली की पहिल्यांदा ती उलटी करतं. मागची बाजू बघतं. मग चिमटीत धरून जाडी बघतं. मग हळूच नाकाजवळ नेतं. आणि मग विचारतं, "आत काय घातलंय हो?"

आपण तरी काय करतो? वांगी घेताना देठ बघतो. तांदूळ घेताना मूठभर हातावर घेऊन फुंकर मारतो. गोधडीचं तर सगळं पोटातच असतं. वरचं दिसतं, आतलं दिसत नाही. म्हणून आतलं कसं आहे हे विकणारीनं खरं सांगावं, एवढी त्या माणसाची अपेक्षा असते. आमच्या अनुभवानं सांगतो, गिऱ्हाईक जे जे विचारतं, ते सगळं फिरून याच एका गोष्टीवर येतं.

आता एकेक प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न, आत काय आहे. पूर्वी घरात लुगडी, धोतरं, सुती साड्या असायच्या, त्यामुळे गोधडी सुतीच व्हायची. आज घराघरांत नायलॉनच्या, पॉलिस्टरच्या साड्या जास्त. त्या टिकतात, रंगाला झकास दिसतात, पण अंगावर घेतल्या की घाम येतो. आपल्या कोकणातल्या दमट हवेत तर जास्तच. शिवाय असलं कापड आत घातलं की थर एकमेकांवरून सरकतात आणि चार धुण्यांत गोधडीला आतून गोळे येतात. आम्हीही सुरुवातीला वरून सुती आणि आतून मिळेल ते, असं केलं होतं. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण दुसऱ्यांदा आलंही नाही.

आता आम्ही कापड तपासून घेतो. कापडाच्या कडेचे चार धागे काढायचे, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवायचे. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि निवल्यावर राख बोटानं चुरडली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गाठ होते. एवढ्यानं कळतं. जे कापड सुती नाही, ते आम्ही टाकून देत नाही. त्याची पायपुसणी, पिशव्या, बसायची आसनं होतात. पण अंगावर घ्यायच्या गोधडीत ते घालत नाही.

रंगाचंही तसंच. ओल्या पांढऱ्या फडक्यानं कापडाचा कोपरा जोरात घासायचा. फडक्याला रंग लागला, तर ते कापड फिक्या कापडाशेजारी लावायचं नाही. नागोठण्याच्या एका ताईंची गोधडी पहिल्याच धुण्यात गुलाबी झाली होती. त्या ती घेऊन परत आल्या, आम्ही बदलून दिली. त्या गोधडीचे पैसे बुडाले, पण गिऱ्हाईक टिकलं. तेव्हापासून नवं-जुनं प्रत्येक कापड आधी धुऊन, वाळवूनच कापायला घेतो. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतंही, तेही आधीच निभावून जातं.

दुसरी गोष्ट नाकाची. आपल्याकडे चार महिने पाऊस. आणि पेणच्या बाजारात बाहेरगावची गर्दी होते ती गणपतीच्या आधी, म्हणजे नेमकी पावसाळ्यात. एका वर्षी आम्ही खूप माल शिवून ठेवला, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून कपाटात रचला. गणपतीच्या आधी काढला तर कुबट वास. मुंबईहून मूर्ती न्यायला आलेल्या एक बाई आल्या, गोधडी उचलली, वास घेतला आणि काही न बोलता घडी करून खाली ठेवली. त्या घडी करून ठेवण्याचं आम्हाला जास्त लागलं.

प्लॅस्टिकमध्ये ओल अडकून राहते. आता आम्ही पावसाळ्यात विकायचा माल वैशाखातच पुरा करतो, दोन्ही बाजूंनी कडक ऊन देतो, ऊन निवल्यावर जुन्या धोतरात गुंडाळून जमिनीपासून वर फळीवर ठेवतो. पावसाला उघडीप मिळाली की उलगडून वारा देतो. कामाचं आहे, पण वास आलेली गोधडी कितीही सुंदर असली तरी विकली जात नाही.

तिसरा प्रश्न मापाचा. आपलं माप हाताचं आणि वितीचं. गिऱ्हाईक विचारतं इंचांत. त्याच्या घरी पलंग आहे, पलंगाचं माप ठरलेलं आहे. म्हणून गोधडी विकताना आधी विचारायचं, कुठे वापरणार? खाली गादीवर, एकेरी पलंगावर, की दुहेरी? अंथरायला की पांघरायला? पंख्याखाली की एसीमध्ये? एका माणसाच्या पांघरायच्या गोधडीला आम्ही साठ इंच रुंदी आणि नव्वद इंच लांबी धरतो. चार थरांच्या अशा गोधडीला सहावारी साड्या तीन लागतात, नऊवारी असतील तर दोन पुरतात. आणि एक लक्षात ठेवा, धावदोरा घालत गेलं की कापड ओढलं जातं, गोधडी आखडते. म्हणून कापताना दोन्ही बाजूंना चार-चार इंच जास्त घ्यायचे. सगळं झाल्यावर पुन्हा टेप लावून जे भरेल तेच माप चिठ्ठीवर लिहायचं. ठरवलेलं माप लिहायचं नाही.

वजनही लिहायचं. हल्ली घरोघरी धुण्याचं मशीन आहे आणि पुष्कळजणी पहिलाच प्रश्न करतात, "मशीनमध्ये चालेल का?" वजन लिहिलेलं असलं की ज्याचं त्याला ठरवता येतं. सहा-सात थरांची जड वाकळ असेल तर आम्ही सरळ सांगतो, ही हातानं धुवायची आहे, भिजल्यावर दोघींनी पिळावी लागेल. ऐकून एखादं गिऱ्हाईक हलकी गोधडी घेतं. घेऊ दे. भिजलेली वाकळ उचलताना आपल्याला शिव्या देण्यापेक्षा ते बरं.

मापावरून एक ऑर्डर आठवली. अलिबागच्या बाजूला पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या एका घरानं दहा गोधड्या मागितल्या, सगळ्या एकसारख्या. एकच रंग, एकच ठिगळांची रचना, एकच माप. आमच्यातल्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "एकसारखी गोधडी कशी व्हईल? बाय तशी गोधडी." दोन महिने लागले, वाद झाले, तीन गोधड्या उसवून पुन्हा घालाव्या लागल्या. पण ऑर्डर पुरी झाली.

असाच पेच फार लांबच्या बायांनाही पडला होता. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या समाजातल्या बाया, ज्यांचे पूर्वज कापसाच्या मळ्यात गुलाम होते, शेतात वापरून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. 1966 साली त्या भागातल्या बायांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. शहरातल्या मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या आणि दुकानांना सगळा माल एकसारखा हवा होता. बायांनी तो शिवला, त्यातून रोजगार मिळाला. पण घरी मात्र त्या आपल्या मनानंच गोधड्या घालत राहिल्या. एका मोठ्या कंपनीच्या उशांच्या अभ्र्यांचं काम त्या करायच्या, त्यातली उरलेली जाड कॉर्डरॉयची कापडं घरच्या गोधड्यांत जायची. आणि पुढे 2002 साली मोठ्या संग्रहालयात मांडल्या गेल्या त्या या घरच्या गोधड्या. 2006 साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली.

आम्ही यातून एवढंच घेतलं की दुकानात फळ्या दोन हव्यात. एका फळीवर ठरल्या मापाचा, ठरल्या रचनेचा माल, ज्याला जोडी हवी, दहा हव्यात त्याच्यासाठी. दुसऱ्या फळीवर बाईनं आपल्या मनानं घातलेली गोधडी, जिची जोडी मिळणार नाही. काही माणसं खास तीच शोधत येतात. मात्र कोणती कोणत्या फळीवरची, हे विचारल्याशिवाय सांगायचं. हातशिलाई आणि मशीनची शिलाई यांतही तसंच. मशीनची गोधडी वाईट नाही, स्वस्त पडते, लवकर होते. पण ती हाताची म्हणून विकली तर ती फसवणूक झाली. आणि मागची बाजू बघणाऱ्याला टाका ओळखू येतोच.

आता बाळाच्या दुपट्याबद्दल. हे सगळ्यांत जबाबदारीचं काम. बाळंतविड्यासाठी दुपटी, कुंची, टोपडी घ्यायला आजी येते, मावशी येते. ती गोड रंग बघते, पण तिचं बोट शिवणीवरून फिरत असतं. कुठे टोचत तर नाही ना? म्हणून बाळाच्या दुपट्याला टिकली नाही, मणी नाही, जर नाही, बटण नाही. शिवायला बसताना सुया मोजून घ्यायच्या, उठताना मोजून ठेवायच्या. एक जरी कमी भरली तर सापडेपर्यंत ते दुपटं दुकानात पाठवायचं नाही. शिवाय प्रत्येक दुपट्यावरून लोहचुंबक फिरवायचं. सुईचं मोडलेलं टोक डोळ्यांना दिसत नाही, चुंबकाला सापडतं. आमच्याकडे एकदा सापडलं आहे. त्या दिवशी गाळ्यात कुणी जेवलं नाही.

बाळाच्या दुपट्यासोबत तारखेचा प्रश्न येतोच. बारसं बाराव्या दिवशी. दुपटं पंधराव्या दिवशी मिळून काय उपयोग? इथे आम्हाला पेणच्या गणपतीच्या कारखान्यांकडून शिकायला मिळालं. पेणात, हमरापूरला, जोह्याला वर्षभर मूर्ती घडतात. गिऱ्हाईक आधी येऊन मूर्ती ठरवून जातं, मूर्तीला नावाची चिठ्ठी लागते, आणि चतुर्थीच्या आत ती मूर्ती तयार असावीच लागते. चतुर्थी कुणासाठी थांबत नाही. गोधडीचंही तसंच धरा.

आपली अडचण वेगळी आहे, ती मान्य करू. आषाढात लावणी असते, दसऱ्या-दिवाळीच्या आगेमागे कापणी असते. तेव्हा सुई हातात धरायला कुणाला वेळ नसतो. आमच्यातल्या काहीजणी दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामाला बाहेर जातात. पूर्वी आम्ही गिऱ्हाइकाला "होईल हो, या आठ दिवसांनी" असं म्हणायचो, आणि आठाचे वीस व्हायचे. आता गाळ्यात भिंतीवर कॅलेंडर आहे. लावणी-कापणीचे दिवस त्यावर आधीच खुडून ठेवलेत. तारीख देताना जेवढे दिवस लागतील त्यात चार दिवस वर धरतो. "महिना लागेल" असं ऐकून माणूस एक वेळ नाराज होईल, पण महिन्यानं गोधडी हातात मिळाली तर खूश होऊन जाईल.

आता भाव. इथे जरा वही-पेन्सिल घ्या. आमच्या एकेरी हातशिलाईच्या गोधडीला कापडाचे साडेचारशे, दोऱ्याचे ऐंशी, धुणं आणि गाडीभाडं सत्तर, असे सहाशे रुपये जातात. सुरुवातीला आम्ही ती नऊशेला विकत होतो आणि तीनशे सुटले म्हणून आनंदात होतो. मग एका बैठकीत तास मोजले. रोज चार तास, आठ दिवस, म्हणजे बत्तीस तास. तीनशे भागिले बत्तीस. तासाला साडेनऊ रुपयेसुद्धा नाहीत! त्यातून गाळ्याचं भाडं द्यायचं होतंच. बैठकीत कुणीच काही बोललं नाही. एकजण शेवटी म्हणाली, "घरचं काम समजून करत होतो, म्हणून मोजलंच नव्हतं."

आता हिशोब असा करतो. कापड, दोरा आणि बाकी मिळून सहाशे. बत्तीस तासांचे पन्नास रुपये तासाप्रमाणे सोळाशे. दुकानाचा खर्च दोनशे. एकूण चोवीसशे. हा भाव ऐकून काही गिऱ्हाइकं पायरी उतरतात, खोटं कशाला बोला? त्यांच्यासाठी मशीनची गोधडी आहे, लहान माप आहे, दुपटी आहेत. पण बरेचजण विचारतात, "एवढे का?" तेव्हा आम्ही चिडत नाही आणि घासाघीसही करत नाही. चिठ्ठी दाखवतो. कापड अमुक, थर चार, तास बत्तीस, शिवणारी अमक्या गावची. वाचल्यावर कितीतरी जण पुन्हा गोधडी हातात घेतात. भाव कमी करून मागणाऱ्याला भाव कशाचा आहे हेच माहीत नसतं, कारण आपण सांगितलेलं नसतं. मुंबईला महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात तर बोलायला दोन मिनिटंही मिळत नाहीत. तिथे ही चिठ्ठीच आपल्या वतीनं बोलते.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो. सांगायला जड जातं, पण ती सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं अर्धं राहील.

रोह्याच्या एक शिक्षिका ताई गाळ्यावर आल्या. त्यांची आई वारली होती. आईच्या सहा साड्या त्यांनी आणल्या होत्या. दोन गोधड्या करायच्या, एक त्यांना, एक बहिणीला. आम्ही पिशवी घेतली, नाव लिहिलं, तारीख दिली. साड्या मोजून, बघून घेतल्या नाहीत. त्या साड्यांत एक जांभळी इरकल होती, फार विरलेली. शिवणारीला वाटलं, ही टिकायची नाही, गोधडी लवकर फाटेल आणि नाव आपलं जाईल. तिनं ती बाजूला ठेवली आणि तशाच रंगाची दुसरी चांगली साडी घातली. तिचा हेतू वाईट नव्हता. बाजूला ठेवलेली इरकल दुसऱ्या एका गोधडीत अस्तराला गेली आणि ती गोधडी विकलीही गेली.

ताई वेळेवर आल्या. दोन्ही गोधड्या तयार होत्या, छान झाल्या होत्या. त्यांनी उलट्या करून बघितल्या नाहीत. हात फिरवत राहिल्या. एकेका ठिगळावर बोट थांबायचं. मग म्हणाल्या, "आईची इरकल कुठेय?"

आम्ही खरं ते सांगितलं. गोधडी कुणाला विकली ते आठवत नव्हतं, वहीत नोंद नव्हती. ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "फाटकी होती ते मला माहीत होतं. मला विचारायचं होतंत." आम्ही पैसे नको म्हणालो. त्यांनी पूर्ण पैसे टेबलावर ठेवले, गोधड्या घेतल्या आणि गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत.

त्या दिवसानंतर गाळ्यात एक जाड वही आली. कुणी घरचं कापड दिलं की त्यांच्यासमोर एकेक साडी उलगडायची, रंग, काठ, कुठे फाटली, सगळं लिहायचं आणि त्यांची सही घ्यायची. एक चिंधी कापून वहीला टाचायची. कापड पिशवीत घालून पिशवीला नंबर. विरलेली साडी असेल तर तिथेच विचारायचं, ही आत घालू, की वरच्या बाजूला मागून दुसरं कापड लावून ठिगळ म्हणून बसवू, की परत नेता? आणि शिवून उरलेलं, अगदी वीतभर का असेना, गोधडीसोबत परत द्यायचं. विकलेल्या प्रत्येक गोधडीची नोंद होते आणि गिऱ्हाइकाला पावती मिळते. या वहीला रोजची दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं आधी दिली असती तर एका लेकीला तिच्या आईची साडी मिळाली असती.

तर मैत्रिणींनो, गोधडीच्या दुकानात माणसाला काय हवं असतं याचं आमचं उत्तर आता बदललं आहे. रंग हवा असतो, ऊब हवी असते, भाव परवडायला हवा असतो. पण त्याहून जास्त, जे दिसत नाही त्याबद्दल खरं ऐकायचं असतं. आणि जे ठरलंय ते बदलायची वेळ आली तर आधी विचारलेलं हवं असतं.

शेवटी एक काम देतो. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला आपण शिवलेली एक गोधडी घेऊन या. मधे सतरंजीवर ठेवा आणि उलटी करा. मग एकीनं गिऱ्हाईक व्हायचं आणि बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. आत काय आहे? रंग जाईल का? माप किती, वजन किती? किती तास लागले? कधी मिळेल? ज्या प्रश्नाला "बघू", "होईल" किंवा "असेल" असं उत्तर येईल, तो प्रश्न वहीत लिहून ठेवा. तिथूनच तुमच्या दुकानाची सुरुवात करा.

पेणला आलात तर गाळ्यावर या. गोधडी घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण उलटी करून जरूर बघा.